घरशाळेच्या घरात भट्टीचा वार

घरी मुलांना शिकवायचे ठरवलेल्या आईवडिलांकडून पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. दिवस कुठे उगवला आणि कुठे मावळला ते समजत नाही, ओट्यावर सकाळची भांडी तशीच असतात, गणिताचे पुस्तक ताटाशेजारी उघडे पडलेले असते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर घरही धड झाले नाही, अभ्यासही धड झाला नाही, अशी रुखरुख लागून राहते. दापोली तालुक्यात हर्णैजवळ असलेल्या आमच्या घरातही सुरुवातीला असेच चालले होते. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे आठवड्यातला एक वार भट्टीचा, म्हणजे बेकिंगचा, ठरवून टाकायचा आणि बाकीचे दिवस त्याच्या आधाराने लावायचे. हा लेख घरशाळा आणि बेकिंग या दोन्ही गोष्टी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी, त्याच क्रमाने लिहिला आहे.

बेकिंगच का, असा प्रश्न साहजिक आहे. रोजचा स्वयंपाक अंदाजाने होतो आणि तो करणाऱ्याला शेगडीपासून हलू देत नाही. फोडणीपाशी उभे राहून कोणाला अपूर्णांक समजावून सांगता येत नाहीत. बेकिंगचे काम याच्या उलट चालते. आधी वीस मिनिटे अचूक मोजमाप, मग पीठ मुरण्याची, फुगण्याची किंवा भाजण्याची ठरावीक वाट पाहणे, आणि त्या वेळात मोठ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे. हा मोकळा वेळ आधीच माहीत असल्यामुळे त्यात धडा बसवता येतो, आणि घड्याळाची घंटा वाजली की धडा आपोआप संपतो, ज्याचा मुलांना फार मोठा दिलासा वाटतो.

आधी शिक्षणाची बाजू पक्की करावी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा आहे, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरशाळेसाठी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे पुढे परीक्षा कोणत्या मार्गाने द्यायची हे मूल लहान असतानाच ठरवून ठेवलेले बरे. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असतात, आणि दहावीच्या पातळीच्या परीक्षेला बसण्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देणाऱ्यांसाठी १७ नंबरचा अर्ज असतो; त्याच्या तारखा आणि अटी त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. जन्मदाखला, आधार, पूर्वीच्या शाळेचा दाखला आणि मुलांच्या कामाचे नमुने एकाच जाड फाइलीत ठेवावेत. इतके झाले की कागदपत्रांची काळजी मनातून काढून टाकावी आणि घराकडे वळावे.

पहिली पायरी: वार निवडणे

वार निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्या भागात दुरुस्तीसाठी वीज कोणत्या वारी बंद असते, आठवडा बाजार कधी भरतो आणि पिठाची गिरणी कोणत्या दिवशी बंद असते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भट्टीचा वार ठेवला की ताजा नारळ, केळी आणि दही घरात असते. आमच्याकडे गुरुवार ठरला. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवारी सकाळी आठ ते साडेदहा हा पुस्तकी अभ्यासाचा वेळ, त्यात भाषा आणि गणित रोज, विज्ञान आणि परिसर अभ्यास एक दिवसाआड. शनिवारी समुद्रावर किंवा वाडीत काम. रविवार मोकळा. गुरुवारी पुस्तकी अभ्यास निम्माच असतो, पण तो भट्टीच्या वेळापत्रकात शिवून घेतलेला असतो.

पडवीच्या भिंतीवर एक मोठा कागद लावावा आणि त्यावर फक्त आठवड्याचे वार आणि प्रत्येकाचे एकच ठळक काम लिहावे. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तक्ते करण्याच्या फंदात नवख्यांनी पडू नये. ते चौथ्या दिवशी मोडतात आणि मोडले की मोठ्यांचा धीर सुटतो. कोणी पाहुणा आला, कोणाला ताप आला तरी गुरुवारची भट्टी मात्र चुकवू नये, मग त्या दिवशी नुसती बिस्किटे झाली तरी चालतील.

बुधवारी संध्याकाळी कोरडी सामग्री मोजून डब्यांत भरून ठेवणे ही सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. हे काम मुलांनीच करायचे. सकाळी डबे तयार दिसले की काम सुरू करायला कोणाला सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी: भट्टी कशाची

ओव्हन नसेल तर थांबू नये. जाड बुडाचे ॲल्युमिनियमचे मोठे पातेले किंवा कढई, तळाशी बोटभर जाडीचा खड्या मिठाचा थर, त्यावर कुकरमधली जाळी किंवा स्टीलची बैठी तिवई आणि वर घट्ट बसणारे सपाट झाकण एवढ्यावर उत्तम केक होतो. रिकामे पातेले झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे, मग केकचे भांडे आत ठेवून आच अगदी मंद करावी. भांडे आणि पातेल्याची कड यांच्यामध्ये चहूबाजूंनी बोटभर अंतर हवे, नाहीतर कडा करपतात. पहिली पंचवीस मिनिटे झाकण उघडू नये. ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटांत होणारा केक इथे ४५ ते ५५ मिनिटे घेतो आणि वरून फारसा तांबूस होत नाही; त्यात काही बिघडलेले नसते. नॉनस्टिक भांडे यासाठी वापरू नये, कारण रिकामे तापल्याने त्याचा लेप खराब होतो. कुकर वापरायचा असेल तर जुना घ्यावा, रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावीत. ते मीठ गार झाल्यावर बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवावे. खाण्यात वापरू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, त्याचा तडाखा आमच्या तालुक्यालाही बसला आणि विजेचे खांब आडवे झाल्यामुळे गावोगाव कित्येक दिवस अंधार होता. त्या दिवसांत आमचा ओव्हन नुसता कपाटावर बसून होता आणि गॅसवरच्या पातेल्यात केक होत होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पातेल्याची पद्धत ओव्हन असला तरी शिकून ठेवावी, असे माझे ठाम मत त्या पावसाळ्यापासून आहे.

ओव्हन घ्यायचाच असेल तर चार-पाच माणसांच्या घराला २५ ते ३० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) पुरतो. साधा मायक्रोवेव्ह यासाठी चालत नाही. त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवण्याची, सोय असावी लागते. १५०० वॅटचा ओव्हन अखंड चालू राहिला तर तासाला दीड युनिट वीज घेतो, प्रत्यक्षात तापमान गाठल्यावर तो मधूनमधून बंद होतो म्हणून थोडी कमी. त्याला १५ ॲम्पिअरचा, जाड पिनांचा सॉकेट लागतो. आम्ही पहिल्या महिन्यात तो एक्स्टेंशन बोर्डवर लावत होतो. एके दिवशी केकच्या वासात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळला, पाहतो तर पिनेभोवतीचा भाग मऊ झाला होता. त्याच आठवड्यात वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली. ओव्हन आणण्याआधी हे काम करून घ्यावे.

भट्टी एकदा तापली की तिचा उपयोग उतरत्या तापमानाने करावा. पाव २०० अंश सेल्सिअसवर, त्यानंतर केक १८० वर, मग बिस्किटे १७० वर, आणि बंद केल्यावर उरलेल्या धगीत पोहे किंवा शिळ्या पावाचा चुरा सुकवावा. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे मुलांनाच कागदावर मांडायला सांगावे. आमच्या थोरलीने पहिल्यांदा बिस्किटे आधी लिहिली होती. ओव्हन गार व्हायला वीज लागत नाही पण पुन्हा तापायला लागते, असे तिचे तिलाच वीज-मीटर पाहून उलगडले.

तिसरी पायरी: मापे

एक डिजिटल वजनकाटा, मापाचे चमचे आणि एक सुरी एवढे घेतले की झाले. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, म्हणून सुरुवातीला तरी ग्रॅमच वापरावे. बेकिंग पावडरचा चमचा म्हणजे सपाट चमचा, शीग भरलेला नव्हे. धाकट्याला हे शिकवताना मी चमचा पावडरमध्ये बुडवायला लावला आणि सुरीची पाठ चमच्याच्या कडेवरून डब्यावरच सरकवायला सांगितली. पाच वर्षांच्या मुलाची जीभ अशा वेळी आपोआप ओठांबाहेर येते, श्वास रोखला जातो, आणि शीग घसरून खाली पडली की तो चमचा देवाच्या तबकासारखा धरून परातीपर्यंत नेला जातो. शीग भरून घेतलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. हे दोन्ही काट्यावर ठेवून त्याला दाखवावे. पुढे कधी सांगावे लागत नाही.

वयाप्रमाणे कामे वाटून द्यावीत. चार ते सहा वर्षांच्या मुलाने चाळणे, भांड्याला तूप लावणे, सपाट चमचे मोजणे. सात ते दहा वर्षांच्या मुलाने वजन करणे, कृती मोठ्याने वाचणे, घड्याळ लावणे. त्यापुढच्या मुलांनी कृतीचे प्रमाण बदलणे आणि मोठ्या माणसाच्या देखत ओव्हन हाताळणे. एकच काम दोघांना देऊ नये. गरम भांडे काढताना हातमोजे कोरडे हवेत, ओल्या फडक्यातून चटका लगेच बसतो. भाजलेच तर तो भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. कच्चे पीठ चाटू देऊ नये, मग त्यात अंडे असो वा नसो.

चौथी पायरी: नाचणीची बिस्किटे

पहिला महिना फक्त बिस्किटे करावीत. त्यात फुगण्याबिगण्याची धास्ती नसते आणि चूक झाली तरी खाता येतात. १०० ग्रॅम नाचणीचे पीठ, १०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम थिजलेले तूप, १०० ग्रॅम गुळाची पावडर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलची घ्यावी. तूप पातळ नको, म्हणून मे महिन्यात ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. तूप आणि गूळ रंग फिकट होईपर्यंत पाच मिनिटे फेसावे, चाळलेली पिठे त्यात मिसळावीत आणि गोळा होईना तर दोन-तीन चमचे दूध घालावे. कणकेसारखे मळू नये, नाहीतर बिस्किटे चिवट होतात. सगळे मिश्रण साधारण ४०० ग्रॅम भरते, त्यामुळे १६ ग्रॅमचा एक असे पंचवीस गोळे होतात. भागाकाराचा पहिला धडा इथेच होतो. गोळे काट्याने हलके दाबून, मध्ये दोन बोटे अंतर ठेवून, तापलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १६ ते १८ मिनिटे भाजावेत.

नवख्यांची एक चूक इथे ठरलेली असते. नाचणीचा रंग मुळातच गडद असल्यामुळे बिस्किटे तांबूस झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, आणि बाहेर काढताना ती मऊच लागतात, म्हणून लोक त्यांना आणखी पाच मिनिटे ठेवतात आणि करपवतात. खरी खूण नाकाला कळते. तुपाचा आणि भाजक्या गुळाचा वास माजघरापर्यंत आला आणि बिस्किटाची खालची कड उचलल्यावर न तुटता सुटली की काढावीत. ताटातच पंधरा मिनिटे राहू द्यावीत. ती गार होताना कडक होतात.

पाचवी पायरी: रवा-नारळाचा केक आणि पाऊणकी

दुसऱ्या महिन्यात केक. गोव्यात बाथ या नावाने जो रवा-नारळाचा केक करतात, त्याच्या जवळची पण बिनअंड्याची ही कृती आहे. आठ इंची गोल भांड्यासाठी २४० ग्रॅम बारीक रवा, २४० ग्रॅम दही, २०० ग्रॅम किसलेला गूळ, १२० ग्रॅम ओले खोबरे, ८० ग्रॅम पातळ केलेले तूप, लागेल तसे ८० ग्रॅमपर्यंत दूध, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलची आणि मीठ घ्यावे. दही, गूळ, तूप, खोबरे आणि रवा एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा ओलावा पितो आणि मिश्रण घट्ट होते. मग दुधाने इडलीच्या पिठाइतके सैल करून शेवटी पावडर आणि सोडा घालावा आणि लगेच भट्टीत ठेवावे. सोड्याला दह्यातली आंबटाई भेटली की कार्बन डायऑक्साइड वायू निघू लागतो आणि तोच केक फुगवतो, त्यामुळे सोडा घालून गप्पा मारत बसणे परवडत नाही. मुलांना हे दाखवायला एका वाटीत चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, घ्यावे आणि त्यात चिमूटभर सोडा टाकावा. लालभडक फेस वाटीबाहेर येतो आणि आम्ल-अल्काचा धडा एका मिनिटात होतो.

हा केक १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटांत होतो. मध्यभागी घातलेली काडी कोरडी आली म्हणजे झाला.

आता मुरण्याच्या त्या अर्ध्या तासाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण आमच्या घरशाळेतला सगळ्यात चांगला धडा तिथे झाला. आठ इंची भांडे शेजारी गेले होते आणि घरात सात इंची होते. थोरली म्हणाली, एक इंचच तर कमी आहे, घालू तसेच. मी तिला दोन्हींचे क्षेत्रफळ काढायला सांगितले. गोल भांड्यांची तुलना करताना पाय (π) दोन्हीकडे असतो म्हणून तो सोडून द्यावा आणि नुसते वर्ग पाहावेत: आठाचा वर्ग ६४, साताचा ४९. एकोणपन्नास म्हणजे चौसष्टाचा जवळजवळ पाऊण हिस्सा. एका इंचाने चौथाई मिश्रण जास्तीचे झाले असते आणि भट्टीत उतू गेले असते. मग पूर्ण कृती पाऊणपट करायची ठरली: रवा १८०, दही १८०, गूळ १५०, खोबरे ९०, तूप ६०, पावडर पाऊण चमचा. ती कागदावर गुणाकार करत बसली, तोवर ओटीवर बसलेल्या तिच्या आजीने सगळे आकडे तोंडी सांगून टाकले. लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ केलेली पिढी ती.

पाऊणकी आपल्या किनाऱ्यावर आणखी एका कामाला येते, आणि त्याच दिवशी आजीने तेही नातीला शिकवले. आजच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठ. दुसऱ्या दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तीही जवळजवळ पाऊण तासच. शनिवारी समुद्रावर जाण्याची वेळ तेव्हापासून थोरलीच कॅलेंडर पाहून ठरवते. असा धडा पुस्तकात शोधून सापडला नसता, पण मुरायला ठेवलेल्या रव्याने त्याला अर्धा तास मिळवून दिला.

सहावी पायरी: पाव

पावाला तिसऱ्या महिन्याआधी हात लावू नये. ३०० ग्रॅम मैदा (किंवा निम्मा मैदा, निम्मी कणीक), एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, दोन चमचे साखर, २० ग्रॅम तेल आणि सुमारे १९० मिलिलिटर कोमट पाणी घ्यावे. कणीक घातली तर थोडे पाणी जास्त लागते. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागावे. चटका बसणाऱ्या पाण्याने यीस्ट मरते. दहा मिनिटे नेटाने मळून, झाकून, दुप्पट होईपर्यंत ठेवावे. मग आठ गोळे करून तूप लावलेल्या ताटात खेटून लावावेत, पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यावेत आणि २०० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. बाहेर काढल्यावर पालथा करून बोटाने टिचकी मारावी; पोकळ आवाज आला की आतून झाला. लगेच स्वच्छ ओले फडके टाकून दहा मिनिटे झाकावे, म्हणजे वरची साल मऊ राहते.

पुस्तकांतल्या वेळा थंड प्रदेशांतल्या असतात, त्या इथे लागू पडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आमच्या स्वयंपाकघरात पीठ पन्नास मिनिटांतच दुप्पट होते, आणि जास्त ठेवले तर आंबट होऊन बसते, म्हणून उन्हाळ्यात साधे गार पाणी आणि थोडे कमी यीस्ट वापरावे. दापोलीच्या पौष-माघातल्या पहाटे हेच पीठ दीड-दोन तास घेते. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. एका उभट काचेच्या बरणीत पिठाचा लहान गोळा ठेवून बाहेरून पेनने रेघ मारावी आणि धाकट्याने दर पंधरा मिनिटांनी नवी रेघ मारावी. शेवटी रेघांची उंची पट्टीने मोजून आलेख काढता येतो. पहिल्या फुगवणीत भाषेचा धडा, दुसऱ्या फुगवणीत ओटा पुसणे आणि भांडी, असा आमचा क्रम ठरला आहे. भांडी भाजण्याच्या आधीच झाली पाहिजेत, कारण गरम पाव समोर आल्यावर कोणीही भांड्यांकडे वळत नाही.

आजीची भट्टी

कोकणातल्या घरांना बेकिंग नवे नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. काकडीचे धोंडस, ज्याला सिंधुदुर्गात तवसोळी म्हणतात, ते खाली चूल आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजले जाते. खालून-वरून धग देण्याची ओटीजीची रीत हीच. भाद्रपदाच्या सुमारास वेलावर जून, पिवळी पडलेली मोठी काकडी मिळते. ती सोलून, बिया काढून किसावी आणि सुटलेले पाणी फेकू नये. तांदळाचा रवा तुपावर भाजून त्यात कीस, ते पाणी, गूळ, ओले खोबरे आणि मीठ घालून शिऱ्यासारखे घट्ट शिजवावे, तूप लावलेल्या भांड्यात हळदीच्या पानावर थापून १८० अंशांवर वरून खरपूस होईपर्यंत भाजावे. यात सोडा नाही की पावडर नाही. प्रमाण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून घ्यावे आणि त्यांच्या मुठी-ओंजळी वजनकाट्यावर तोलून मुलांनी ग्रॅममध्ये लिहून काढाव्यात. आमच्या आजीची एक मूठ रवा चार वेळा मोजला आणि चारही वेळा दोन ग्रॅमच्या आत भरला.

पावसाळ्याची बेगमी

आगोटीला, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, आपण सुकी मासळी, कोकमे, डाळी भरतो, तशीच भट्टीची बेगमीही करावी. जूननंतर हवेतला दमटपणा प्रत्येक डब्यात शिरतो. गुळाला पाणी सुटते, साखर चिकटते, बिस्किटे दुसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि बेकिंग पावडर कोणाला न कळता निकामी होते. ऑगस्टमध्ये आमचा एक केक दोन बोटेही फुगला नाही. कृतीत चूक शोधत आम्ही तो पुन्हा केला, सामग्री पुन्हा वाया गेली, आणि मग कळले की पावडरचा डबा मेपासून उघडा होता. तेव्हापासून पावसाळ्यात प्रत्येक भट्टीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, अर्धा चमचा पावडर वाटीभर गरम पाण्यात टाकून पाहतो. जोरात फसफसली तर चांगली. सोड्यासाठी पाण्याऐवजी लिंबाचा रस घ्यावा.

पावडर आणि यीस्टची लहान पाकिटेच आणावीत, यीस्ट फ्रीजमध्ये ठेवावे. पीठ गिरणीतून पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे आणि दर वेळी चाळावे, म्हणजे पोरकिडे वेळीच दिसतात. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावीत. कोमट भरली तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. मऊ पडलेली बिस्किटे १२० अंशांवर सात-आठ मिनिटे ठेवली आणि गार केली की पुन्हा कडक होतात. ओल्या नारळाचा केक मात्र या हवेत बाहेर एका दिवसापेक्षा जास्त टिकत नाही, तो फ्रीजमध्ये ठेवावा किंवा त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी वाटून संपवावा.

वही

भट्टीची एक वेगळी वही करावी. तारीख, तिथी, पाऊस की ऊन, सामग्रीचे वजन, भट्टीची वेळ, लागलेले युनिट, आणि पदार्थ कसा झाला याची मुलांच्या शब्दांत चार वाक्ये. शुद्धलेखन त्याच वेळी लाल पेनाने तपासू नये. शुक्रवारच्या भाषेच्या तासात मुलांनी स्वतःच ते वाक्य वाचून दुरुस्त करावे. सामग्रीची किंमत लिहून एका बिस्किटाला काय खर्च आला हे थोरल्या मुलांनी काढावे. सहा महिन्यांनी हीच वही त्या जाड फाइलीत मुलांच्या कामाचा सगळ्यात बोलका नमुना म्हणून ठेवता येते.

गुरुवारी रात्री, भांडी पालथी घालून झाली की, वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या भट्टीची यादी लिहावी आणि काय संपले आहे ते डबे उघडून, नुसते आठवून नव्हे, पाहावे. आमच्या या आठवड्याच्या यादीत धाकट्याच्या अक्षरात लिहिले आहे: तूप अर्धा किलो, दही, नारळ दोन, आठ इंची भांडे शेजारून परत आणणे.